पण चित्र आहे कुठे? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विजय अय्यरवर लिहिलं तेव्हा एवढी पत्रं येतील असं काही वाटलं नव्हतं. ज्यांच्या हातात तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विजय अय्यर हा १९७१ साली जन्मलेला अमेरिकन पियानिस्ट आणि कंपोझर, आईवडील तमिळ, लहानपणी १५ वर्षं रीतसर व्हायोलिन शिकला आणि पियानो मात्र बहुतेक आपला आपणच ऐकून ऐकून, येलमध्ये गणित आणि फिजिक्स केलं, मग बर्कलीला संगीत आणि शरीर ह्यांच्या नात्यावर पीएचडी, आता हार्वर्डमध्ये शिकवतो. ओळख जॅझवाला अशी, पण स्ट्रिंग क्वार्टेटसाठी (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) लिहितो, पडद्यावरच्या फिल्मसोबत वाजवतो, चित्रकारांच्या कामावरून रचना करतो, आणि मी लिहिलं होतं ते त्याच्या ह्या असल्या उद्योगांबद्दलच. पत्रांतले काही प्रश्न इथे घेतलेत, तेच तेच विचारलेले एकत्र केलेत, आणि "तुम्हाला हे खरंच आवडतं की आवडतं असं दाखवता" ह्या प्रश्नाला उत्तर देत नाहीये.

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून अय्यर आणि वाडाडा लिओ स्मिथचा तो अल्बम पूर्ण ऐकला, 'अ कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक'. नसरीन मोहमदींच्या चित्रांवरून केलाय म्हणालात. डोळे मिटून ऐकलं, डोळे उघडे ठेवून ऐकलं, मला एक रेघ दिसली नाही. ट्रम्पेट मध्येच येतो, मध्येच गप्प बसतो. चित्र आहे कुठे?

काका, चित्र नाहीचे त्यात. सगळ्यांची गाडी इथेच अडते, त्यामुळे जरा नीट सांगते.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने मार्च २०१६ मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवरच्या एका जुन्या इमारतीत मॉडर्न आर्टसाठी नवी शाखा उघडली, मेट ब्रॉयर (ती २०२० मध्ये बंदही झाली, असो), आणि उघडताना जी प्रदर्शनं लावली त्यात एक नसरीनचं होतं. अय्यर त्या वर्षी म्युझियमचा आर्टिस्ट-इन-रेसिडेन्स होता, त्याला म्युझियमनेच रचना करायला सांगितली, आणि त्याने सोबत घेतलं स्मिथला. स्मिथ ट्रम्पेटवाला, १९४१ चा, मिसिसिपीतला, अय्यरपेक्षा ३० वर्षांनी मोठा, म्हणजे दोघांचं नातं थोडं गुरु-शिष्यासारखंच. ड्रम नाहीत, बास नाही. एक ट्रम्पेट, एक पियानो, मधूनमधून फेंडर ऱ्होड्स हा इलेक्ट्रिक पियानो आणि थोडं इलेक्ट्रॉनिक्स. सात तुकड्यांची मालिका, आणि अल्बमचं नाव नसरीनच्या डायरीतल्या शब्दांवरून घेतलेलं.

आता नसरीन. जन्म १९३७, कराची. मग मुंबई, शिक्षण लंडनला, आणि १९७२ पासून शेवटपर्यंत बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकवणं. १९९० मध्ये गेली ती आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. मी तिचं एक ड्रॉइंग प्रत्यक्ष पाहिलंय, आणि इतकं जवळ जाऊन की गार्डने मला दोनदा मागे व्हायला सांगितलं. लांबून राखाडी पट्टे दिसतात. जवळ गेलं की कळतं पट्टा वगैरे काही नाहीये, नुसत्या आडव्या रेघा आहेत, शाईच्या आणि पेन्सिलीच्या, वर विरळ आणि खाली येता येता इतक्या जवळजवळ की डोळ्याला त्या सुट्या दिसतच नाहीत, आणि मग एक तिरकी रेघ सगळ्यांना कापत जाते आणि कागदाच्या कडेच्या थोडं आधी थांबते. का थांबली माहीत नाही. बरं हे सगळं आर्किटेक्ट वापरतात त्या ड्रॉइंगच्या हत्यारांनी, टी-स्क्वेअर, रुलिंग पेन वगैरे. बहुतेक ड्रॉइंगना नाव नाही, तारीख नाही. आणि शेवटची बरीच वर्षं तिला हातापायांवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार होता, त्या काळातल्या ह्या रेघा आहेत. हे कळल्यावर मी परत जाऊन पाहिलं.

तर अय्यर-स्मिथ ह्यांनी ह्यातलं काय उचललं? माझ्या मते रेघ काढण्याची शिस्त उचलली, रेघ कशी दिसते ते सोडून दिलं. स्मिथ एक स्वर लावतो तेव्हा त्या स्वराची सुरुवात ऐकू येते, फुंकर, मग धार, मध्ये कुठेतरी तो थोडा फाटतो, मग संपतो, आणि संपल्यावर अय्यर घाईघाईने ती जागा भरत नाही. दुसरा एखादा पियानिस्ट असता तर खाली कॉर्ड्सचा सडा टाकला असता. तुम्ही असं करून बघा: अख्खा अल्बम सोडून द्या, ट्रम्पेटचा एकच लांब स्वर पकडा आणि तो जिथे विरतो तिथपर्यंत त्याच्या मागे जा, जसं गवय्याने षड्ज लावला की आपण बाकी काही न करता तेवढाच ऐकतो तसं. एवढं जमलं तर पुढचं आपोआप ऐकू येईल. नाही जमलं तर नाही, जबरदस्ती नाहीये.

आणि एक कबुली. मला कोणी ह्या सात तुकड्यांची नावं काढून, काही न सांगता ऐकवले असते तर नसरीन ओळखता आली नसती. मुसोर्गस्की ह्या रशियन कंपोझरने १८७४ मध्ये आपल्या गेलेल्या मित्राच्या, हार्टमनच्या, चित्रप्रदर्शनावर पियानोची मालिका लिहिली त्यात बैलगाडी समोरून जाते, लांब लांब जात विरते, ते कानाला दिसतं म्हणजे दिसतंच. ती एक जात झाली. तुमच्या कानांना बहुतेक त्या जातीची सवय आहे आणि त्यात चूक काही नाही, फक्त हा अल्बम त्या जातीतला नाही.

मी व्हायोलिन शिकते, वेस्टर्न क्लासिकल. आमच्या क्वार्टेटमध्ये सगळं लिहिलेलं असतं, अगदी बो वर न्यायचा की खाली तेसुद्धा. मग अय्यरच्या क्वार्टेटमध्ये जॅझ येतं कुठून? ते लोक पण इम्प्रोव्हाइझ करतात का?

करतात, पण तुला वाटतंय तसं सोलो घेत नाहीत. तू 'म्युटेशन्स' ऐक. रचना २००५ ची, अल्बम २०१४ मध्ये इसीएम ह्या रेकॉर्ड कंपनीकडून आला, स्ट्रिंग क्वार्टेट, पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स, दहा भाग. नावातच सगळं आहे, एक छोटा तुकडा घ्यायचा आणि तो परत परत येताना त्यात बारीक बारीक बदल होऊ द्यायचे, जीन्समध्ये होतात तसे. काही ठिकाणी स्कोअर पक्का, काही ठिकाणी वाजवणाऱ्यांवर सोपवलेलं. बंदिश ठरलेली आणि बढत त्या दिवसाची, ही कल्पना आपल्याला परकी नाही, फक्त इथे ती एका माणसाच्या गळ्यात नसून चार जणांनी एकमेकांकडे बघत करायची असते, आणि ते भलतंच अवघड आहे.

खरी मारामारी होते ती वेगळ्याच गोष्टीवर, आणि ती म्हणजे लय. तू क्वार्टेटमध्ये वाजवतेस म्हणजे तुला माहितीये, पहिली व्हायोलिन श्वास घेते, बो उचलते, आणि त्या श्वासावर बाकी तिघं येतात, लय थोडी ताणली जाते, थोडी सैल होते, कोणालाच काही वाटत नाही. जॅझमध्ये ठोका ड्रमरच्या सिंबलवर आणि बासवर बसलेला असतो, तो कोणासाठी थांबत नाही, आणि वाजवणारा त्या ठोक्याच्या केसभर मागे किंवा पुढे स्वर ठेवतो, सगळी मजा त्या केसभरात. त्यात बो तारेवर टेकून स्वर नीट उमटायला जो क्षण जातो तो धर. मग काय होतं, तंतुवाद्यं कायम उशिरा आल्यासारखी वाटतात आणि ड्रमर वैतागतो. म्हणून बहुतेक जण सोपा मार्ग धरतात, तंतुवाद्यांना लांब लांब कॉर्ड्स देऊन टाकतात, खाली मऊ गालिचा आणि वर सॅक्सोफोन चालतोय. असल्या अल्बमचा मला मनापासून कंटाळा आहे. चार चांगले शिकलेले लोक बोलावून त्यांना गालिचा करायचा!

ही भानगड जुनी आहे. गुंथर शुलर म्हणून होते, स्वतः फ्रेंच हॉर्न वाजवायचे, मेट्रोपोलिटन ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात होते आणि माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगमध्येसुद्धा वाजवलेलं, त्यांनी १९५७ मध्ये ब्रँडाइस युनिव्हर्सिटीत बोलताना ह्या मिश्रणाला 'थर्ड स्ट्रीम' असं नाव दिलं. एक प्रवाह क्लासिकल, एक जॅझ, आणि हा तिसरा. जॅझवाले म्हणाले हे फार शहाणं झालं, क्लासिकलवाले म्हणाले हे काय, आणि नाव हळूहळू मागे पडलं, काम मात्र चालूच राहिलं. ह्याच शुलरनी १९५९ मध्ये पॉल क्लेच्या सात चित्रांवर ऑर्केस्ट्रासाठी रचना केली, त्यातला 'छोटा निळा सैतान' हा भाग चक्क जॅझच्या अंगाने जातो. म्हणजे क्लासिकल, जॅझ आणि चित्र ह्या तिघांना एकत्र बसवायची खोड काही आजची नाही.

तुझ्या क्वार्टेटला एक सुचवते. चौघांनी मिळून एकच दोन मापांचा तुकडा घ्या, मेट्रोनोम लावा, आणि दहा मिनिटं तोच वाजवा, फक्त प्रत्येकाने कधीतरी एक स्वर बदलायचा, आधी न सांगता. भांडणं होतील. पण इतरांचं ऐकल्याशिवाय वाजवता येत नाही हे तिसऱ्या मिनिटाला कळेल.

ह्याला फ्युजन म्हणायचं का?

नका म्हणू. फ्युजन म्हटलं की इलेक्ट्रिक गिटार आणि तबला समोरासमोर उभे राहून तिहाया घेतायत असं डोळ्यासमोर येतं.

'राधे राधे' पाहिलं, होळीचं. शूटिंग अफाट आहे, संगीत चांगलं आहे. पण सिनेमा म्हटलं की पार्श्वसंगीत असतंच की, ह्यात वेगळं काय? आणि कवितेच्या नावाखाली नुसता गोंधळ दाखवलाय असं आमच्या घरी मत पडलं.

घरच्यांना नमस्कार सांगा. गोंधळ आहेच, होळीच आहे ती!

वेगळं काय ते सांगते. १९१३ मध्ये पॅरिसला स्ट्राविन्स्कीच्या 'राइट ऑफ स्प्रिंग' ह्या वसंतावरच्या बॅलेचा पहिला प्रयोग झाला, तो ज्यात प्रेक्षकांनी दंगा केला. २०१३ मध्ये त्याला १०० वर्षं झाली म्हणून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या कला विभागाने नवीन कामं करवून घेतली, त्यातलं हे एक. दिग्दर्शक प्रशांत भार्गव, शिकागोत वाढलेला, आधीचा 'पतंग' अहमदाबादच्या उत्तरायणावर. हा मथुरेकडे जाऊन होळीचे सगळे दिवस शूट करून आला, वसंताचा सण तिकडेही, इकडेही, आणि स्ट्राविन्स्कीसारखेच दोन भाग केले. संवाद नाहीत, निवेदन नाही. प्रयोगात पडद्यावर फिल्म आणि पुढे स्टेजवर अय्यर, ड्रमर टायशॉन सोरी आणि इंटरनॅशनल कंटेम्पररी आन्सांबलचे वादक, सगळं लाइव्ह.

पार्श्वसंगीतात काय असतं, माणूस रडला की व्हायोलिन रडतं, संगीत चित्राला हो ला हो करत राहतं. इथे तसं नाहीये. रंग उधळतायत, माणसांवर माणसं पडतायत, आणि संगीत त्या वेळी कधीकधी अगदी मोजकं, आतल्या आत काहीतरी शिजतंय असं. ढोल दिसतोय पण ऐकू येतोय तो सोरीचा ड्रम, आणि दोघांची लय वेगळी. डोळा एक सांगतो, कान दुसरं. मला पहिल्यांदा पाहताना त्रास झाला होता, वाटलं सिंक चुकलंय. नंतर कळलं की आपल्याला होळी कशी ऐकू येते हे इतकं पाठ आहे की ती दुसरी कशी ऐकू येऊ शकते हा विचारच आपण केलेला नसतो. मथुरेच्या गर्दीत बासरी-ढोलक न टाकता फिल्म उभी करणं ही माझ्या मते अय्यरची सगळ्यात मोठी हिंमत.

तुमच्या घरच्या मताला एका बाबतीत दुजोरा देते, ती बाई, जिच्यात राधा दिसावी अशी योजना आहे, ते प्रसंग जरा ओढूनताणून वाटतात. पण ही फिल्म घरच्या स्क्रीनवर बघणं आणि समोर वादक असताना बघणं ह्यात फरक पडणारच. आणि हे सांगायला नको वाटतं पण सांगते, भार्गव २०१५ मध्ये गेला, चाळिशीच्या सुरुवातीलाच.

मी आर्ट स्कूलला आहे. म्युझिशियन चित्रालाच नोटेशन म्हणून वाचतात असं ऐकलं. मी काढलेलं कुठलंही चित्र असं वाजवता येईल का? की त्याचे नियम असतात?

वाजवता कुठलंही येईल, पण ऐकवेल असं नाही.

अर्ल ब्राऊन नावाच्या कंपोझरचा 'डिसेंबर १९५२' शोधून बघ. एक पान. त्यावर आडव्या उभ्या काळ्या पट्ट्या, काही जाड, काही बारीक, लांबी कमीजास्त, पान भर पसरलेल्या आणि मध्ये भरपूर पांढरं. सूर नाहीत, ताल नाही, कुठलं वाद्य तेही नाही. पान कसंही फिरवून धरलं तरी चालतं. ब्राऊनवर काल्डरच्या लटकत्या मोबाइल शिल्पांचा प्रभाव होता, तुकडे तेच पण दर वेळी रचना वेगळी. मग कॉर्नेलियस कार्ड्यूने १९६३ ते ६७ मध्ये 'ट्रीटिस' केलं, १९३ पानं, आणि कसं वाजवायचं ह्याची सूचना सोबत एकही नाही.

स्मिथचं, म्हणजे आपल्या त्या ट्रम्पेटवाल्याचं, ह्याच्या बरोबर उलट. त्याची पद्धत तो १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून घडवत आलाय, तिचं नाव 'आंखरास्मेशन'. पानं इतकी सुंदर रंगीत की २०१५ मध्ये शिकागोच्या रेनेसान्स सोसायटीत त्यांचं प्रदर्शन लागलं. पण लाल दिसला की काहीतरी रागीट वाजवायचं असला प्रकार तिथे चालत नाही. लाल म्हणजे इथे कशाचा लाल, हे वाजवणाऱ्याने स्वतः शोधायचं, त्याचा अभ्यास करायचा, आणि मग त्या अभ्यासातून वाजवायचं. मूड चालणार नाही, गृहपाठ करून या! मला ही अट फार आवडते. त्यामुळे तुला नियम हवा असेल तर एवढाच: चित्रातल्या प्रत्येक गोष्टीने वाजवणाऱ्यापुढे एखादा नेमका प्रश्न टाकला पाहिजे. आधी सुरू करू की नंतर, किती वेळ, कोणाच्या मागून, थांबू कुठे. नुसतं सुंदर असून भागत नाही.

आणि तू चित्रकार आहेस म्हणून हा उलटा रस्ताही बघ. जेसन मोरान, १९७५ चा, ह्यूस्टनचा, जॅझ पियानिस्ट. हा पियानोच्या पट्ट्यांवर कागद चिकटवतो, बोटांना कोळशाची पूड किंवा कोरडा रंग लावतो आणि वाजवतो. स्वर हवेत जातात, कागदावर उरतात ते हाताचे डाग. जिथे बोटं सारखी पडली तिथे गडद ढग, जिथे हात घसरत गेला तिथे फराटे, कागद चुरगळलेलासुद्धा. ह्या मालिकेचं नाव 'रन'. ते बघून काय वाजवलं ते अजिबात कळत नाही, पण माणूस कुठल्या सप्तकात रमला होता हे मात्र कळतं. हाच मोरान जुन्या न्यूयॉर्कमधल्या जॅझ क्लबांची स्टेजं पुन्हा शिल्पासारखी बांधतो, २०१५ च्या व्हेनिस बिनाले ह्या कलाप्रदर्शनात दोन होती, एक सॅव्हॉय बॉलरूमचं आणि एक थ्री ड्यूसेसचं. वादक गेले, इमारती गेल्या, स्टेज तेवढं उभं.

रागमाला चित्रांचं काय असंही तू पुढे विचारलंयस. त्यात रागाला चेहरा, प्रहर, ऋतू मिळतो, पण ते चित्र समोर ठेवून कोणी तोडी गात नाही. तो वेगळा विषय आहे आणि मोठा आहे.

तुम्ही सुचवलेला मॉर्टन फेल्डमनचा 'रॉथको चॅपल' लावला आणि दहाव्या मिनिटाला झोप लागली. माझी चूक की त्यांची?

कोणाचीच नाही. माझ्याबरोबर एकदा शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ घोरले होते आणि त्यांच्या घोरण्याची लय बरी होती.

पण जागा कशी आहे ते कळलं तर मदत होईल. ह्यूस्टनमध्ये एक आठ बाजूंची खोली, १९७१ मध्ये उघडली, भिंतींवर मार्क रॉथकोची १४ मोठी चित्रं, जवळजवळ काळी. आत शिरल्यावर काहीच दिसत नाही असं वाटतं, मग डोळे सरावले की काळ्यात जांभळा, तपकिरी असं दिसायला लागतं, आणि बाहेर ढग आला की पुन्हा बदलतं. फेल्डमन रॉथकोचा मित्र, त्याने ह्याच खोलीसाठी व्हायोला, कोरस, चेलेस्टा (घंटीसारखा आवाज येणारं पट्ट्यांचं वाद्य) आणि थोडी तालवाद्यं घेऊन रचना केली, ती तिथेच १९७२ मध्ये झाली. तिचाही वेग डोळे सरावण्याचा आहे. दहा मिनिटांत डोळे सरावत नाहीत, मिटतात, हे खरंय!

५० वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच खोलीसाठी नवीन रचना झाली ती टायशॉन सोरीची, म्हणजे 'राधे राधे'मधला तो ड्रमर, पुढे २०२४ मध्ये पुलित्झर मिळालेला, आणि पुलित्झर मिळाला ती रचना कोणाला अर्पण, तर वाडाडा लिओ स्मिथला. फिरून फिरून हीच मंडळी. सोरीने फेल्डमनचीच वाद्यं जवळपास तशीच घेतली, सोबत एक खर्जातला गायक, आणि वेग अजून कमी केला, तेव्हा तुम्ही तिकडे सध्या जाऊ नका. नंतर न्यूयॉर्कला ती पुन्हा झाली तेव्हा रॉथकोच्या जागी ज्यूली मेहरेटूची चित्रं होती, म्हणजे बघा, भिंतीवरची चित्रं बदलूनसुद्धा रचना उभी राहू शकली.

तुम्ही फेल्डमनच पुन्हा लावा, संध्याकाळी, दिवा न लावता, जेवणाच्या आधी. वाटलं तर सुरुवातीला डुलकी काढा. फक्त शेवटच्या दोन-तीन मिनिटांना जागे राहा, तिथे व्हायोलावर एक साधी, गुणगुणता येईल अशी धून येते, आधी कशाचा पत्ता नसताना. ती फेल्डमनने १५ व्या वर्षी लिहून ठेवलेली होती.